मागचा आकडा



इथे बरेच जण सुरतेतल्या जुन्या दिवसांबद्दल लिहितात. लिंबायतचं गरनाळं, पावसाळ्यात त्यात साचणारं पाणी, उधन्याहून भुसावळकडे जाणारी पॅसेंजर, महापालिकेची मराठी शाळा. मीही ते सगळं बघितलंय. पण आज लिहितोय ते थोडं वेगळं आहे. थोडं काँप्युटरचं आहे, त्यामुळे काहींना कंटाळा येईल. तरी शेवटपर्यंत वाचा. कारण यात एका माणसावर आलेला आळ आहे, आणि तो माझ्यामुळे आलेला आहे.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. आबा (माझे वडील) उधन्याला लूम्सच्या खात्यात होते. आमच्या चाळीत शेवटून दुसऱ्या खोलीत तात्या राहायचे. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तात्या लूम्सवर नव्हते. ते जुन्या शहरात एका जरीच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसायचे. अठरा वर्षं एकाच शेठकडे. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये प्लेग आला तेव्हा आपली निम्मी चाळ मिळेल त्या गाडीने खान्देशात पळाली. शेठचं कुटुंबही सौराष्ट्रात निघून गेलं. कारखान्याच्या किल्ल्या तात्यांकडे होत्या. आत चांदी होती. तात्या गेले नाहीत. काकूंना आणि पोरांना गावी पाठवून हा माणूस एकटा थांबला.

हे मुद्दाम सांगतोय. पुढे लागेल.

आता जरीचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्या येवल्याच्या पैठणीला जी जरी लागते ती बरीचशी सुरतेहून जाते. खऱ्या जरीत चांदीची कांब घेऊन ती बारीक बारीक भोकांतून खेचत केसासारखी तार करतात. तार चपटी केली की तिला बदला म्हणतात. बदला रेशमाच्या धाग्यावर गुंडाळला की कसब. मग त्याला सोन्याचा मुलामा. प्रत्येक टप्प्यावर माल कारागिराला वजन करून देतात आणि वजन करून परत घेतात. ठरलेली थोडी घट सोडली तर दिलेलं आणि आलेलं जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर चांदी गेली कुठे, हा प्रश्न येतो. म्हणजे काट्यावर बसणारा माणूस किती विश्वासाचा लागतो ते समजून घ्या.

१९९८ ची गोष्ट. मी कॉलेज करता करता एका क्लासमध्ये सी भाषा शिकलो होतो. चाळीत काँप्युटर येणारा मी एकटाच, त्यामुळे जरा हवेत होतो. तात्यांच्या शेठनी नवा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला आणि त्यांना वाटलं, वजन थेट काँप्युटरमध्ये गेलं तर वही नको. तात्या म्हणाले, आमच्या चाळीत एक पोऱ्या आहे, हुशार आहे. अशा रीतीने मला आयुष्यातलं पहिलं काम तात्यांनी मिळवून दिलं. पाच हजार ठरले. आबांचा महिन्याचा पगारही तेवढा नव्हता.

काट्याच्या मागे आरएस-२३२ चं तोंड होतं. तिथून वायर काँप्युटरला. काटा स्वतःहून सेकंदाला आठ-दहा वेळा वजन पाठवत राहायचा, कुणी विचारो न विचारो. त्यात वजन हलतंय की स्थिर आहे याची खूणही असायची. मी पुस्तकात बघून एक तुकडा लिहिला, तो आलेली अक्षरं ५१२ अक्षरांच्या एका साठ्यात जमा करायचा. प्रोग्रॅम पडद्यावर विचारायचा, कारागीर नंबर? तात्या नंबर टाइप करून एन्टर दाबणार, मग प्रोग्रॅम साठ्यातून पहिलं स्थिर वजन उचलणार, शून्य असेल तर सोडून पुढचं घेणार, नोंद करणार, पडदा पुसून पुन्हा विचारणार, कारागीर नंबर? पुन्हा विचारण्याआधी साठा रिकामा करायचा हेही मी केलं होतं. मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

तपासणीसाठी मी शंभर ग्रॅमचं पितळी वजन काट्यावर ठेवलं आणि पन्नास वेळा एन्टर दाबलं. पन्नासही वेळा शंभर ग्रॅम आलं. शेठ खूश. मला पैसे मिळाले. त्यातून आईला मी सायन्याची भारी साडी घेतली.

तात्यांनी मात्र जुनी सवय सोडली नाही. ते काट्यावरचे लाल आकडे बघून कारागिराला हाताने चिठ्ठी लिहून द्यायचे आणि तिची कार्बन कॉपी ठेवायचे. मी हसायचो. म्हणायचो, तात्या, काँप्युटर आलाय आता, कशाला दुप्पट काम?

पंधरा-वीस दिवसांनी एका संध्याकाळी घराच्या ओट्यावर तात्या म्हणाले, "पोऱ्या, तुना मशीनमा काही तरी गडबड से. कधी कधी मांगला आकडा येस."

मी काय उत्तर दिलं ते मला अजून शब्दाशब्दाने आठवतं. "तात्या, तुम्ही फार हळू टाइप करता. चुकीचं बटण दाबलं जात असेल." समोर आबा बसले होते, आणखी दोन-तीन जण होते. तात्या हसले आणि गप्प बसले. शिकलेल्या पोराने सांगितलं म्हणजे तसंच असेल.

महिना संपला आणि हिशेब फुटला. सहा-सात कारागिरांच्या नावावर चांदी कमी दिसत होती, तेवढ्याच जणांच्या नावावर जास्त. एकूण बेरीज जवळपास बरोबर. ज्यांची मजुरी कापली जाणार होती त्यांनी तात्यांनी दिलेल्या चिठ्ठ्या काढल्या. चिठ्ठीवर वेगळं, काँप्युटरच्या कागदावर वेगळं. ज्यांच्या नावावर जास्त पडलं होतं त्यांत एक पारोळ्याचा पोरगा निघाला. आपल्याकडचा. मग कुणीतरी बोललंच, की तात्या एकाची चांदी दुसऱ्याच्या नावावर चढवतात, आपल्या गाववाल्यांना सांभाळतात, आणि तोंड बंद ठेवायला चिठ्ठी बरोबर लिहून देतात.

शेठ वाईट माणूस नव्हते. ते एवढंच म्हणाले, "माणूस खोटं बोलेल, मशीन कशाला खोटं बोलेल?"

तात्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि घरी आले. चार दिवस ते खोलीच्या बाहेर पडले नाहीत. काकू नळावर यायच्या तेव्हा बायका बोलायच्या थांबायच्या. चाळीत बातमी पसरायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. तात्यांनी चांदी खाल्ली. एवढंच वाक्य, पण ते पार डिंडोलीपर्यंत गेलं.

मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मी शेठकडून महिन्याचा छापील कागद आणि कार्बन कॉपीचं पुडकं मागून आणलं. म्हटलं, बघतो. खरं सांगायचं तर माझा प्रोग्रॅम बरोबर आहे हे सिद्ध करायलाच आणलं होतं. रात्री जमिनीवर चिठ्ठ्या मांडल्या. आबा रात्रपाळीला जायच्या तयारीत होते, ते टेकले शेजारी. मी वाचत होतो, ते ऐकत होते. चिठ्ठीत २१४.६, कागदावर २१४.६. चिठ्ठीत १८७.२, कागदावर २१४.६. चिठ्ठीत २३१.८, कागदावर २३१.८.

आबा म्हणाले, "हा वरच्याच ओळीचा आकडा आहे ना?"

होता. पुढची चूक बघितली, तीसुद्धा वरच्या ओळीची. प्रत्येक चुकीचं वजन हे आधीच्या माणसाचं वजन होतं. आणि सगळ्या चुका संध्याकाळच्या. सकाळची एक नाही.

मांगला आकडा येस. तात्यांनी रोग नावासकट सांगितला होता.

मग उलगडलं. सकाळी गर्दी नसते. तात्या एका हाताने एन्टर दाबायचे आणि दुसऱ्या हाताने रीळ उचलायचे. काटा लगेच शून्य. साठ्यात शून्यं भरायची, ती प्रोग्रॅम टाकून द्यायचा आणि पुढचं खरं वजन घ्यायचा. संध्याकाळी वीस जणांची रांग. तात्या एन्टर दाबून आधी चिठ्ठी लिहायचे, मग रीळ उचलायचे. त्या दोन-तीन सेकंदांत माझा प्रोग्रॅम पुढच्या माणसाचा नंबर विचारून डोळे मिटून उभा असायचा. काटा जुन्याच रिळाचं वजन पाठवत असायचा आणि ते साठ्यात सर्वांत पुढे जाऊन बसायचं. चार-साडेचार सेकंदांत साठा भरला की नवीन येणारं सगळं वाया. तात्या एन्टर दाबायचे तेव्हा मी पहिलं स्थिर वजन उचलायचो, म्हणजे मागचं. तपासताना हे दिसलं नाही, कारण मी एकच वजन काट्यावर पन्नास वेळा ठेवलं होतं. मागचं आणि पुढचं सारखंच!

आबांना मी समजावत होतो की एन्टर दाबेपर्यंत प्रोग्रॅम दुसरं काही करूच शकत नाही, तो तिथे अडकलेला असतो. आबांना हे पटेना. म्हणाले, "आठ माग चालतस. मी एकजवळच उभा ऱ्हायनू त बाकीना सातवर कोन देखी?"

आबांचं हे बोलणं मी नंतर कितीतरी पोरांना शिकवलंय. मागवाला एका मागावर तुटलेला धागा जोडत असतो, तेव्हा हात तिथे असतात, पण नजर आणि कान बाकीच्या सातांवर असतात. आडवा धागा तुटला तर मागावर एक छोटा काटा असतो, त्याला धागा लागला नाही की माग आपोआप थांबतो. धागा नसताना माग कापड विणत बसत नाही. माझा प्रोग्रॅम मात्र धागा नसताना जुन्याच धाग्याचं कापड दाखवत होता.

सकाळी शेठकडे गेलो. कागद आणि चिठ्ठ्या पुढे ठेवल्या आणि सांगितलं, चूक माझी आहे, तात्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या खऱ्या आहेत. पाय थरथरत होते. शेठनी पाच-सहा ओळी स्वतः ताडून बघितल्या. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. दुपारी ते स्वतः तात्यांच्या घरी आले. त्या चार दिवसांचा पगारही दिला.

दुरुस्ती खरं तर एका ओळीची होती. एन्टर दाबल्यावर साठा रिकामा करायचा आणि ताजं वजन येईपर्यंत थांबायचं. मी ती केलीही. पण तात्या परत बसायला तयार होईनात. म्हणाले, आकडा बरोबर आहे असं तू सांगतोस, पण मागच्या वेळीही तू हेच सांगितलं होतंस. मला डोळ्यांनी दिसला पाहिजे. मी नंबर टाकतोय तेव्हाच दिसला पाहिजे. जो दिसेल तोच लिहिला गेला पाहिजे.

म्हणजे पडद्यावर नंबर टाइप होत असतानाच बाजूला वजन हलत राहिलं पाहिजे. ऐकायला सोपं. मला आठ दिवस लागले.

कारण काँप्युटरला पाटीवर प्रश्न विचारून थांबायची जुनी सवय आहे. ही सवय टेलिप्रिंटरच्या काळातली, जेव्हा पडदा नव्हताच, कागद होता. एक ओळ लिहा, पाठवा, उत्तर येईल. कागदावर लिहिलेलं पुसता येत नाही, त्यामुळे विचारलेला प्रश्न बदलायचा संबंधच नव्हता. फक्त एक करता यायचं. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट बघितलेत ना? गाडी मागे ढकलली पण कागद वर सरकवला नाही तर त्याच ओळीवर पुन्हा टाइप होतं. काँप्युटरमध्येही तशी एक खूण आहे, ओळीच्या सुरुवातीला परत नेणारी. पुढे पडदे आले. १९७८ साली व्हीटी-१०० नावाचं टर्मिनल आलं, त्याच्या खुणांनी कर्सर पडद्यावर हव्या त्या जागी नेता येतो, तिथलं पुसता येतं, परत मूळ जागी आणता येतं. त्याच पद्धतीच्या खुणा आजही काळ्या खिडकीत काम करणारी पोरं वापरतात.

माझ्याकडे टर्बो सी होतं. त्यात केबीहिट म्हणून एक सोय होती. बटण दाबलं गेलंय का एवढंच ती सांगते, थांबत नाही. दाबलं असेल तर ते अक्षर उचला, नसेल तर काट्याकडे बघा, पडद्यावरचं वजन बदला, पुन्हा बटणाकडे. फेऱ्या मारत राहायचं. आबांच्या आठ मागांसारखं.

पण एकदा का काम आपल्या हातात घेतलं की सगळंच आपल्यावर येतं. टाइप केलेली अक्षरं आपणच साठवायची. चूक खोडायचं बटण आपणच सांभाळायचं, नाहीतर पडद्यावर खोडल्यासारखं दिसतं आणि आत अक्षर तसंच राहतं. बाणाचं बटण दाबलं तर दोन अक्षरं येतात, पहिलं शून्य, ते ओळखलं नाही तर नंबरात कचरा. वजन लिहायला कर्सर कोपऱ्यात गेला की परत नंबराच्या जागी आणायचा, नाहीतर तात्यांचा पुढचा आकडा वजनात जाऊन बसतो. हे पहिल्या दिवशी झालंच. पडदा सारखा लुकलुकत होता, तर वजन बदललं असेल तरच लिहायचं असं केलं. आणि सर्वांत महत्त्वाचं, वजन हलत असताना एन्टर दाबलं तर नोंद करायची नाही, टूं वाजवायचं. स्थिर झालं की पडद्यावर जो आकडा दिसतोय तोच घ्यायचा. दुसरीकडून कुठूनही नाही.

तात्या येऊन बसले. एका हाताने रीळ हलकं दाबून बघितलं, पडद्यावरचा आकडा वर गेला. सोडलं, खाली आला. तीन-चार वेळा लहान मुलासारखं करून बघितलं. मग उठून त्यांनी मॉनिटर खिडकीकडे फिरवला, म्हणजे रांगेतल्या कारागिरालाही दिसेल असा. हे मला सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून कारागीर स्वतःचं वजन मोठ्याने वाचायला लागले, आणि त्या काट्यावरून पुन्हा भांडण झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

नंतर मी नोकरीला लागलो, लिनक्सवर काम करायला लागलो. तिथेही तीच गोष्ट निघाली. एन्टर दाबेपर्यंत टर्मिनल पूर्ण ओळ स्वतःकडे धरून ठेवतं, प्रोग्रॅमला पत्ता नसतो. ती सवय आधी बंद करावी लागते. मग सिलेक्ट नावाच्या सोयीला सांगायचं, कीबोर्ड आणि दुसरी वायर दोन्हीकडे लक्ष ठेव, कुठेही हालचाल झाली की उठव. टर्बो सीमध्ये मी फेऱ्या मारत होतो, इथे शांत झोपून राहता येतं, मागाच्या त्या काट्यासारखं. रीडलाइन नावाचं जे जुनं साहित्य आहे त्यातही एक आकडी आहे, माणूस टाइप करेपर्यंत ती तुमचं काम सेकंदाला जास्तीत जास्त दहा वेळा चालवते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटाच हसलो. दहा वेळा! माझ्या काट्याएवढंच. आता पायथनमध्ये प्रॉम्प्ट टूलकिट आहे, खाली हलती पट्टी दाखवायची असेल तर किती वेळाने ताजी करायची एवढं सांगितलं की झालं. माझे आठ दिवसांचे कष्ट आज दहा ओळींत होतात.

पण नवीन पोरांना मी एक सांगतोच. माणूस टाइप करत असतो तेव्हा जग थांबलेलं नसतं. तुमच्या पडद्यावर दिसणारा आकडा जुना असेल तर तो जुना आहे हे दिसू द्या. आणि तपासताना काट्यावर दोन वेगवेगळी वजनं ठेवा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

शेठसमोर मी चूक कबूल केली. चाळीत केली नाही. तात्या परत कामावर गेले, लोकांना वाटलं शेठनी माफ केलं. "तात्यांनी चांदी खाल्ली" हे सगळ्यांपर्यंत पोचलं होतं, "पोराचा प्रोग्रॅम चुकला" हे कुणापर्यंत पोचलं नाही. मी पोचवलं नाही. तेव्हा माझं नोकरीचं चाललं होतं, पुढे लग्नाचं. चाळीतला हुशार पोरगा ही माझी ओळख होती, ती मला हवी होती. तात्यांनी कधी विषय काढला नाही. एकदाच मी म्हणालो, तात्या, तेव्हा ओट्यावर मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोललो. तर म्हणाले, "शेठपुढे तू खोटा नही बोलना, हाईच मोठं से."

त्यांना ते पुरलं असेल. काकूंना पुरलं नसावं. कारण पुढे त्यांच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी कुणीतरी ती जुनी गोष्ट काढल्याचं आईने मला सांगितलं होतं. तेव्हाही मी गप्प बसलो.

तात्या निवृत्त होऊन अमळनेरला गेले. आता नाहीत. काकूही नाहीत. मुलं इथेच आहेत आणि बहुतेक हे वाचतील.

त्या चाळीत राहिलेले, तेव्हा ओट्यावर बसलेले, नळावर उभे असलेले जे कुणी इथे असाल त्यांना सांगतो. १९९८ मध्ये त्या कारखान्यातून एक ग्रॅमही चांदी गेली नव्हती. तात्यांची एकूण एक चिठ्ठी खरी होती. आकडे माझे चुकले होते. तात्यांनी मला आधी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

ज्यांच्याशी तेव्हा याबद्दल बोलणं झालं असेल त्यांनाही हे कळवा. तेवढी बातमीसुद्धा डिंडोलीपर्यंत जाऊ द्या.